नाकाबंदीवरची नळी आणि आपल्या घरातला ड्रायव्हर

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके चाकावर चालतात असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. शिरूर तालुक्याच्या पोटातून पुणे–अहिल्यानगर रस्ता जातो. त्याला आपण जुन्या सवयीने नगर रोडच म्हणतो. दौंड तालुक्यातून यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असे करीत पुणे–सोलापूर महामार्ग जातो. शिरूर–न्हावरा–चौफुला हा रस्ता या दोन्ही महामार्गांना जोडतो. एकीकडे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावचे कारखाने, तर दुसरीकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन. भीमा आणि घोड नदीच्या पाण्यावर दोन्हीकडे ऊस उभा असतो. माल आणायचा, माल न्यायचा, पाळीचे कामगार पोचवायचे, कारखान्याला ऊस घालायचा, ही सगळी कामे चाकावर होतात.

ही चाके फिरवतो कोण? हायवावर, ट्रकवर, छोट्या हत्तीवर, कंपनीच्या बसवर, उसाच्या ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कोणाच्या घरातला आहे? बंधू-भगिनींनो, तो आपल्याच घरातला आहे. ज्याला बापजाद्यांची जमीन मिळाली नाही त्याला लायसनने भाकरी दिली. म्हणून रात्री महामार्गावर पोलिसांचे बॅरिकेड लागते आणि हवालदार चालकाच्या तोंडाला मशीनची नळी लावतो, तेव्हा तो आपल्या घरचा विषय होतो. धरला जाणारा आपला असू शकतो. त्या रात्री कोणी धरलेच नाही म्हणून रस्त्यावर चिरडला जाणारासुद्धा आपलाच असू शकतो. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

केसनंद फाट्यावरची रात्र

२३ डिसेंबर २०२४. मध्यरात्र उलटून गेली होती. नगर रोडवर वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर मजूर कुटुंबे झोपली होती. कामाच्या शोधात ही माणसे अमरावतीकडून पुण्याला आली होती. एक भरधाव डंपर फुटपाथवर चढला आणि झोपलेल्या माणसांच्या अंगावरून गेला. तिघे ठार झाले. त्यांत दोन लहानगी लेकरे होती. सहा जण जखमी झाले. चालक दारू प्यालेला होता, असे पोलिसांनी सांगितले. पोलीस ठाणे तिथून जवळच होते.

या घटनेत मरणारे हातावर पोट असणारे होते आणि चालवणाराही मालकाच्या गाडीवर पगारी कामाला होता. गरिबाच्या हातून गरीब मेला. डंपरच्या मालकाची गाडी पुन्हा रस्त्यावर येईल, पण त्या आईबापांची लेकरे परत येणार नाहीत, आणि तुरुंगात गेलेल्या चालकाच्या घरची चूलही पूर्वीसारखी पेटणार नाही. दारू पिऊन गाडी चालवणे हा एकट्या पिणाऱ्याचा खासगी मामला नाही, हे केसनंद फाट्याने दाखवून दिले. हाच रस्ता पुढे लोणीकंद, पेरणे, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव करीत शिरूरला जातो.

देशाचा आकडाही पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. दुचाकी हे कोणाचे वाहन आहे हे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यातले १८५ वे कलम दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा झाला. गाडी चालवणारा आणि चालवण्याचा प्रयत्न करणारा, दोघेही या कलमात येतात. मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो की सोळा चाकी ट्रेलर, मर्यादा सर्वांना एकच. "माझी साधी स्प्लेंडर आहे, मला काय होते" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड २,००० रुपयांपर्यंत होता. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितले की, अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा.

याच कायद्यातले १८८ वे कलम फार थोड्यांना माहीत असते. दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देईल किंवा मदत करील, त्यालाही तीच शिक्षा आहे. "एवढी खेप टाकून ये, काही होत नाही" असे प्यालेल्या ड्रायव्हरला सांगणारा मालक आणि झिंगलेल्या मित्राच्या हाती किल्ली देणारा दोस्त, दोघांनाही हे कलम लागू शकते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ पासून पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा दहावीतल्या पोराला कौतुकाने गाडी देण्याआधी आईबापांनी विचार करावा.

अपघातात माणूस मेला तर गोष्ट आणखी पुढे जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या कृत्याने कोणी मरू शकतो हे माहीत असूनही ते केले असे ठरले, तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लागतो.

हे आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात घडले आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले. खालच्या न्यायालयाने सहा महिने कैद दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. परेरा खटला या नावाने वकील मंडळी हा निकाल सांगतात. सात मजुरांच्या जिवाला तीन वर्षे पुरेशी का, हा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु प्यालेल्या चालकाचा गुन्हा "चुकून झाले" या सदरात बसत नाही, एवढे त्या निकालाने पक्के केले.

क्वार्टरचा हिशेब

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. रात्री प्यायली, झोप काढली, सकाळी आंघोळ करून चहा घेतला की उतरली! ड्रायव्हर लोकांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

विदेशी बनावटीच्या दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर दारू असते. म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. वजनात ते ६० ग्रॅमच्या आसपास भरते. साठ किलो वजनाच्या पुरुषाने हे थोड्या वेळात पोटात घातले, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात अंदाजे १५० मिलिग्रॅम अल्कोहोल जमते. कायद्याच्या मर्यादेच्या हे पाचपट झाले.

आता ते उतरते कसे? अल्कोहोल जाळण्याचे काम मुख्यतः यकृत, म्हणजे लिव्हर करते, आणि ते आपल्या ठरलेल्या गतीनेच करते. साधारणपणे तासाला १० ते १५ मिलिग्रॅम. वेगवान धरून १५ घेतले तरी १५० वरून ३० वर यायला आठ तास लागतात. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा माणूस सकाळी सातच्या पाळीची बस घेऊन निघतो, तेव्हा तो कायद्याच्या रेषेवरच उभा असतो. ज्याचे शरीर तासाला १० नेच जाळते, त्याला सकाळचे अकरा वाजतात. क्वार्टरच्या जागी दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुपार होऊनही तो मोकळा होत नाही.

लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडेल, पण रक्तातले अल्कोहोल एका मिलिग्रॅमनेही लवकर कमी होणार नाही. बडीशेप, गुटखा, वेलदोडा खाल्ल्याने वास दबेल, पण मशीन वास हुंगत नसते. फुप्फुसातून आलेल्या हवेत अल्कोहोल किती आहे ते ती मोजते आणि त्यावरून रक्तातला आकडा काढते.

मर्यादा इतकी खाली का ठेवली, असेही काही जण विचारतात. पहिल्या दोन पेगांतच माणसाचा अंदाज बिघडायला लागतो. समोरच्या गाडीचे अंतर कळत नाही, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो, आणि सगळ्यांत घातक म्हणजे "मी एकदम बरोबर आहे" असा खोटा भरवसा वाटू लागतो. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाय एक सेकंद उशिरा पडला तर एवढे अंतर ब्रेकवाचून गेले. वळणावर उभी असलेली, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली तेवढ्या अंतरातच असते.

नाकाबंदीवर आपण कसे वागावे

शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी, दौंड, यवत ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलाखाली येतात. नाकाबंदीत गाडी अडवली तर काय होते आणि काय व्हायला हवे, हे प्रत्येक ड्रायव्हरला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असावे.

पहिली गोष्ट, गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, कागदपत्रे दाखवावीत. पळून जाण्याचा प्रयत्न करू नये. बॅरिकेडला हुलकावणी देताना जीव गमावण्यापेक्षा केस पत्करलेली बरी.

दुसरी गोष्ट, दारू प्यायल्याचा वाजवी संशय आल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी कलम २०३ प्रमाणे श्वासाची चाचणी मागू शकतो. चाचणी द्यावी. नकार दिला म्हणजे सुटलो असे होत नाही. संशयाला जागा असताना नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात त्याच्याच विरुद्ध जातो.

तिसरी गोष्ट, फुंकण्याची नळी प्रत्येकासाठी नवी असावी. तशी मागणी शांतपणे करावी. खोकल्याचे औषध नुकतेच घेतले असेल किंवा चूळ भरायचे औषधी पाणी वापरले असेल, तर तोंडात राहिलेल्या अंशामुळे आकडा फुगू शकतो. तसे सांगून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यावी अशी विनंती करावी. मशीनवरचा आकडा स्वतः पाहावा. छापील पावती निघत असेल तर तीवरील वेळ आणि आकडा वाचूनच सही करावी.

चौथी गोष्ट, अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे कायद्याचे कलम २०२ सांगते. तसे न झाल्यास त्याला सोडावे लागते. रक्त घेतले तर ते नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचे असते. नुसता तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत, चाल अडखळते एवढ्यावर माणसाला दोषी धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एका दारूबंदी खटल्यात १९७१ सालीच म्हटले आहे. म्हणून आकड्याला महत्त्व आहे.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कलम १८५ ची केस रस्त्यावर दंड भरून मिटत नाही. ती न्यायालयातच जाते, दंडही तिथेच भरायचा असतो. रस्त्यात कोणी "दोन हजार दे आणि जा" म्हणाला तर तो दंड नसतो, ती लाच असते. लाच देऊन सुटलेला ड्रायव्हर प्यालेल्या अवस्थेतच पुढे जातो आणि पुढच्या गावात कोणाला तरी उडवतो. तेव्हा "पैसे देऊन सुटला, बरे झाले" असे घरच्यांनी कधीही म्हणू नये.

एका रात्रीची किंमत

समजा, एखाद्या ड्रायव्हरला महिन्याला १५,००० रुपये पगार आहे. तो सापडला. दंड १०,००० रुपये. परवाना तीन महिने निलंबित, म्हणजे ४५,००० रुपयांचा पगार बुडाला. न्यायालयाच्या तारखा, वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. पंचावन्न हजारांवर गेलेला हा हिशेब एका क्वार्टरचा आहे. एवढ्या पैशात मुलीचे वर्षभराचे शिक्षण होते, घरावर पत्रे पडतात. आणि तीन महिन्यांनी मालकाने त्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवलेला असला तर?

अपघात झाला तर विमाही हात वर करतो. प्यालेल्या अवस्थेतील अपघातात गाडीचे नुकसान भरून देण्यास कंपनी नकार देऊ शकते. श्वासाची चाचणी झालेली नसतानाही इतर पुराव्यांवरून चालक नशेत होता असे ठरवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. मेलेल्या किंवा जखमी झालेल्या तिऱ्हाइताला न्यायालयाने कंपनीकडून भरपाई द्यायला लावली, तरी ती रक्कम पुढे गाडीमालकाकडून वसूल होऊ शकते. ज्यांनी कर्ज काढून, बायकोचे डोरले मोडून स्वतःचा टेम्पो घेतला, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

रस्त्यावर अपघात दिसला तर मदतीला मागे हटू नये. २०१९ पासून कायद्याच्या १३४अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. पोलीस त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. अनेक घरे हा अर्जच करीत नाहीत, कारण कोणी सांगतच नाही.

मग धरला जातो तो गरीबच का?

हा सवाल आपल्या वस्तीत नेहमी विचारला जातो आणि तो खोटा नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. गाडी अठरा वर्षे पूर्ण न झालेला मुलगा चालवत होता. बाल न्याय मंडळाने पहिल्या आदेशात अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून त्याला जामीन दिला. पुढे जनतेचा संताप झाला आणि चौकशी लागली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. नगर रोडवर फुंकर मारून धरला जाणारा टेम्पोवाला रक्ताचा नमुना बदलून घेऊ शकतो काय? त्याला निबंध लिहून घरी जाता येते काय?

कायद्यापुढे सर्व समान, हे बाबासाहेबांनी घटनेत लिहून ठेवले. ते रस्त्यावर उतरवायचे तर मागणी दुहेरी हवी. बंगल्यातून निघणारी मोटारही तेवढ्याच कसोशीने अडवा, ही एक. आणि आमचा माणूस प्यालेला असेल तर त्यालाही सोडू नका, ही दुसरी. पहिलीच मागणी करून दुसरी गिळून टाकली तर केसनंद फाट्यावरच्या त्या लेकरांना आपण काय उत्तर देणार?

सरकारलाही जाब विचारला पाहिजे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले आहे. प्रत्यक्षात सरकार एका हाताने दारूच्या दुकानाला परवाना देते आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरच्या तोंडात नळी घालते. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करण्याचा आदेश दिला. मार्च २०१७ मध्ये लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. त्याच वर्षी जुलैत नगरपालिकांच्या हद्दी या आदेशातून मोकळ्या झाल्या. पाटी हलली, दारू तिथेच राहिली.

ड्रायव्हर पितो का, हेही मालकांना विचारायला हवे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ सालचा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असे त्यात लिहिले होते. किती ट्रकमालकांनी ते पाळले? गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने कारखान्याच्या आवारात रात्र-रात्र नंबर लावून बसायचे, थंडीत कुडकुडायचे, पहाटे पुन्हा फडात जायचे. त्याला गुत्त्याची वाट कोण दाखवतो? थकवा दाखवतो. पिणाऱ्याचा दोष यामुळे पुसला जात नाही, पण त्याला राबवणाऱ्याचा वाटा मोजायलाच हवा.

नाकाबंदी वर्षभर हवी

थर्टी फर्स्टच्या रात्री ठिकठिकाणी बॅरिकेड लागतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात धरलेल्यांचा आकडा येतो, आणि मग बऱ्याच ठिकाणी वर्षभर सामसूम. याने सवय मोडत नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली श्वासाची चाचणी आली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने १७ डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला, कोणत्याही वेळी, संशय नसतानाही तपासायला सुरुवात केली आणि तिथले अपघाती मृत्यू ठळकपणे कमी झाले. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा आपण सापडणारच ही खात्री माणसाला जास्त आवरते, हा जगाचा अनुभव आहे. आपल्याकडे मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून अशी मोहीम नेटाने चालवली. पगाराचा दिवस, आठवडे बाजाराचा दिवस, लग्नसराई आणि गाळपाचा हंगाम, या वेळा शिरूर-दौंडला कोणालाही पाठ आहेत. तपासणी त्या वेळी हवी, आणि ढाब्यांच्या अलीकडे नको, पलीकडे हवी.

३१ डिसेंबरच्या रात्रीचे आपल्याला आणखी एक कारण आहे. त्याच रात्री, त्याच नगर रोडने, लाखो भीमअनुयायी पेरणे फाट्याच्या जयस्तंभाकडे निघतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे आले होते. लेकरेबाळे घेऊन, टेम्पो-ट्रॅव्हलर करून, दुचाकीवर, पायी माणसे येतात. वाहतूक न्हावरा-चौफुला अशी वळवली जाते. एकीकडे नववर्षाच्या नावाने झिंगलेले चालक आणि दुसरीकडे मानवंदनेला निघालेली कुटुंबे एकाच रस्त्यावर असतात. त्या रात्रीची नाकाबंदी ही आपल्या लेकरांची राखण आहे. पोलिसांना सहकार्य करावे. आणि आपल्या गाडीचा ड्रायव्हर स्वतः कोरडा आहे ना, रात्रभर जागा असलेला नाही ना, हे गाडीत बसण्याआधी पाहावे.

घराने आणि विहाराने काय करावे

पंचशीलातले पाचवे शील आपण लेकरांकडून पाठ करून घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या शीलात मद्याबरोबर 'पमाद' हा पाली शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. मद्य टाळायचे ते गाफीलपणाचे मूळ म्हणून. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत, हळदीत, वरातीत गाडीवर बसणारा पोरगा प्यालेला का असतो? मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढे ठरवावे की मिरवणुकीतील प्रत्येक गाडीच्या चालकाचे नाव आधी लिहून घ्यायचे आणि त्याने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही. वरातीला पाहुणे आणणाऱ्या टेम्पोवाल्याला जेवण आधी द्यावे, बाटली कोणी देऊ नये. प्यालेल्या पाहुण्याची किल्ली घरातल्या वडीलधाऱ्याने काढून घ्यावी आणि अंथरूण घालून द्यावे. त्यात अपमान नाही.

घरातल्या बाईवर सगळा भार टाकणे बरोबर नाही. नवऱ्याला अडवताना मार तीच खाते. म्हणून हे काम भावांनी, सासऱ्यांनी, मित्रांनी आणि विहाराच्या मंडळींनी करायचे आहे. बायांच्या हाती वेगळे हत्यार आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर परवानाधारक दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली केली की दुकान बंद होते. महाराष्ट्रात अनेक गावांनी हे करून दाखवले आहे. विनापरवाना गुत्त्याला तर मतदानाचीही गरज नाही. त्याची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क खात्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी.

ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याला शिव्या देऊन सुटणार नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. ड्रायव्हरने रजा टाकून उपचार घेतले तर नोकरी जाईल ही भीती खरी असते. पण लायसन गेले, हातून कोणाचा जीव गेला, तर नोकरी जातेच, आणि मग ती परत मिळत नाही.

शेवटी कामावर निघणाऱ्या बंधूंना एवढेच सांगणे आहे. प्यायला असाल तर त्या दिवशी किल्लीला हात लावू नका. खेप एक दिवस उशिरा गेली तर मालक ओरडेल, खाडा पडेल, चारशे-पाचशे रुपये जातील. ते पुढच्या खेपेत भरून निघतात. नाकाबंदीवर नळी पुढे आली तर बिनधास्त फुंकता यावी, अशा अवस्थेत घराबाहेर पडा आणि त्याच अवस्थेत घरी या. जय भीम.